सल्ला नंतर सापडला पाहिजे : कामाचा ईमेल ग्रुप कसा वापरायचा

व्हॉट्सॲपवर केळीच्या पानाचा फोटो पडतो, खाली पाच-सहा जण पाच-सहा औषधं सांगतात, मधेच दोन गुड मॉर्निंग आणि एक लग्नपत्रिका, आणि पुढच्या मृगबागेत, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या केळीत, तसंच पान दिसलं की पुन्हा तोच फोटो अन् तीच औषधं. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल-चोपडा या केळीच्या पट्ट्यात शेतीसल्ल्याचं किंवा सेवा केंद्राचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा, वर्षानुवर्षं असंच चालू ऱ्हायलं. घाईच्या कामाला व्हॉट्सॲप बेस्टच आहे भो, पाऊस कुठवर आला हे ईमेलवर कोण विचारणार! पण ज्याचं उत्तर वर्षभरानंतरही लागणार आहे ते ईमेल ग्रुपवर विचारा, म्हणजे एका पत्त्यावर टाकलेला मेल सगळ्या सदस्यांना जातो, आणि ज्याने विचारलं त्यानेच शेवटी सगळ्या उत्तरांचा सारांश टाकायचा. हा एक नियम पाळला तरी ग्रुप चालतो.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. साथीच्या रोगांवर नजर ठेवणारा प्रोमेड नावाचा ईमेल ग्रुप १९९४ पासून आहे, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये त्यावर एका डॉक्टरने साधा प्रश्न टाकला होता की चीनमधल्या ग्वांगझूमध्ये कसली तरी साथ असल्याचं ऐकतोय, कोणाला काही माहीत आहे का. ती पुढे सार्सची साथ निघाली. आणि आपल्याच देशात संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये सोल्युशन एक्स्चेंज सुरू केलं होतं, त्यात पाणी, पोषण अशा विषयांवर गावोगावचे कार्यकर्ते ईमेलने प्रश्न विचारायचे, आणि आलेल्या उत्तरांचं एकत्र टिपण करून सगळ्यांना पाठवलं जायचं. सारांशाची कल्पना तिथलीच, फक्त तिथे ते काम करायला माणसं नेमलेली होती, आपल्याकडे ते ज्याचं त्याने करायचं.

सुरुवात सोपी आहे. गूगल ग्रुप्सवर फुकटात ग्रुप निघतो. आत आलात की आधी सेटिंगमध्ये जाऊन मेल कसे हवेत ते ठरवा, प्रत्येक मेल वेगळा, नाहीतर डायजेस्ट, म्हणजे बरेच मेल एकाच मेलमध्ये. नवीन माणसाने डायजेस्टच घ्यावा, नाहीतर आठवड्यात वैतागून निघून जातो. जीमेलमध्ये फिल्टर लावून ग्रुपच्या मेलला वेगळं लेबल द्या, बँकेच्या मेलमध्ये हे मिसळलं की दोन्ही वाचायचं राहतं. आणि लगेच लिहायला सुटू नका, आधी जुने मेल शोधा, तुमचा प्रश्न कोणीतरी आधी विचारलेला असतोच.

आता खरी गोष्ट, प्रश्न कसा लिहायचा. 'अर्जंट मदत हवी' हा विषय लिहिलात तर तो मेल पुढे कोणालाच सापडणार नाही, तुम्हालासुद्धा नाही. विषयातच लिहा : केळी, ग्रँड नैन, टिश्यूकल्चर, मृगबाग, दोन महिन्यांची, पानावर तुटक पिवळे पट्टे, यावल. मग आत जमीन कशी, पाणी किती देता, खतं कोणती झाली, तणनाशक मारलं का, शेजारी काकडी-भोपळा-मिरची आहे का, हवामान ढगाळ होतं का, मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला का. हे विचारतो कारण तुटक पट्टे बघितले की लोक लगेच हरण्या म्हणतात, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), आणि तो असेल तर मावा आणि शेजारचं पीक हाच खरा धागा आहे, कारण मावाच तो शेजारच्या पिकावरून केळीवर आणतो, पण नुसत्या फोटोत अन्नद्रव्याची कमतरता किंवा तणनाशकाचा फटकाही तसाच वाटू शकतो. व्हायरसला औषध नाही, झाड उपटून नष्टच करावं लागतं, म्हणून चुकीच्या अंदाजावर फवारण्यांचे पैसे जातात ते वेगळंच. फोटो पानाचा जवळून, झाडाचा पूर्ण आणि बागेचा लांबून असे तीन टाका. जीमेलला अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी आहे, त्यापेक्षा जास्त झालं की ते ड्राइव्हची लिंक करतं, तेव्हा लिंक सगळ्यांना उघडेल अशी परवानगी द्या, नाहीतर दिवसभर लोक ॲक्सेसच मागत बसतात.

आणखी एक, शेतकऱ्याचं नाव, मोबाईल, गट नंबर टाकू नका. गाव-तालुका पुरेसा आहे.

उत्तर देताना 'मी हे स्वतः करून पाहिलंय', 'विद्यापीठाच्या शिफारशीत वाचलंय' आणि 'मला असं वाटतं' या तीन गोष्टी वेगळ्या करून लिहा. एखाद्या कंपनीचं प्रॉडक्ट तुमच्या दुकानात असेल तर तेही सांगून टाका, लोक तुमचं ऐकतील उलट जास्त. नुसतं 'धन्यवाद सर' सगळ्यांना पाठवू नका, ते त्या माणसाला एकट्याला पाठवा, आणि रिप्लाय दाबण्याआधी वर पत्ता कोणाचा आलाय ते बघा, ग्रुपच्या सेटिंगप्रमाणे तो कधी सगळ्यांना जातो कधी एकट्याला.

मग सारांश. आठ-दहा दिवसांनी त्याच मेलला रिप्लाय करून, विषय न बदलता, पहिल्या ओळीत 'सारांश' लिहून पाठवा : काय विचारलं होतं, कोणी काय सुचवलं, मी काय केलं आणि बागेत काय फरक पडला. फरक पडला नाही तर तसंच लिहा, तेच सगळ्यात कामाचं असतं. बरेच जण इथेच आळस करतात, उत्तर मिळालं की गायब. तसं कोणी केलं तर ग्रुप चालवणाऱ्याने एकदा प्रेमाने आठवण करावी, त्याच माणसाचा पुढचा प्रश्न आला की आधी मागचा सारांश मागावा. कठोर वाटेल, पण वर्षभरात जी फाईल तयार होते ती नवीन पोराला कांदेबागेच्या, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमाराच्या लागवडीच्या, आधी वाचायला देता येते.

ग्रुप नको वाटला तर 'मला काढा' असा मेल सगळ्यांना टाकू नका, मेलच्या खाली अनसबस्क्राइबचा पत्ता असतो, त्यावर मेल पाठवा.