लंडनमधले पोपट नीट बघायचे असतील तर

लंडनला नवीन आलेल्या आपल्या लोकांना पहिल्या थंडीत हमखास धक्का बसतो, बाहेर ३ डिग्री, झाडं उघडीबोडकी आणि वरून हिरवागार पोपटांचा थवा ओरडत जातो. कुणाच्या पिंजऱ्यातून आत्ताच सुटलेत असं वाटतं, पण साधारण १९६९ पासून हे इथे मोकळ्यावर पिल्लं काढतायत. जात तीच, आपल्याकडे पेरूवर बसतो तो. जिमी हेंड्रिक्स या रॉक गिटारवादकाने इथे पोपटांची जोडी सोडली ही गोष्ट सगळे सांगतात, २०१९ च्या अभ्यासात तिला काही आधार सापडला नाही, पाळलेले पक्षी वेळोवेळी सुटत गेले एवढंच.

बघायला डिसेंबर ते मार्च जा, कारण पानं आली की हिरव्यात हिरवा काही केल्या दिसत नाही. रिचमंड पार्क किंवा केन्सिंग्टन गार्डन्स. आधी कान लावा, ओरडणं ओळखीचंच आहे, मग उंच झाडांचे शेंडे बघा. गळ्याला काळा-गुलाबी कंठ असेल तर नर, पण कंठ फुटायला दोन-तीन वर्षं लागतात त्यामुळे बिनकंठाची प्रत्येक मादीच असं धरू नका. खांद्यावर लाल पट्टा आणि अंगाने मोठा दिसला तर तो पहाडी पोपट, इथे क्वचित दिसतो.

रात्री शेकडो एकत्र झोपतात ती जागा शोधायची असेल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी मोकळ्या मैदानात उभं राहा, थवे कुठल्या दिशेला जातात ते बघा, दुसऱ्या दिवशी त्या दिशेला थोडं पुढे जाऊन उभं राहा, असं तीन-चार संध्याकाळी केलं की बहुतेक सापडतेच.

केन्सिंग्टनला लोक हातावर सफरचंद ठेवून फोटो काढतात, प्लीज तुम्ही नका करू, पार्कवाल्यांनीच खायला घालू नका म्हणून सांगितलंय. आणि घरचा पोपट कंटाळून बाहेर सोडणं तर इथे गुन्हा आहे.

खरी मजा फेब्रुवारी-मार्चमध्ये. जुन्या ओकच्या ढोलीपाशी जोडी घुटमळताना दिसली की पंचवीस-तीस पावलं लांब, झाडाला टेकून गप्प उभं राहा. दहा मिनिटांत मादी आत शिरते आणि मग नुसतं डोकं बाहेर काढून बघत बसते.