ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची बेरिंग घरीच कशी आवळावी

पावसाळ्यात आमच्या परभणीकडच्या काळ्या रानात ट्रॅक्टरची पुढची चाकं हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत, चिखलात रुततात. ऑइल सील जुनं असेल तर पाणी आत जातं, ग्रीस पांढुरकं होतं, बेरिंग झिजते आणि चाक डुलायला लागतं.

इथे सांगतोय ते टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचं. हबमध्ये आत मोठी आणि बाहेर लहान अशा दोन टेपर रोलर बेरिंग, त्यावर खाचांचा नट आणि स्प्लिट पिन. फोर-व्हील ड्राइव्हचा पुढचा एक्सल वेगळा असतो. आजकालच्या बहुतेक कारमध्ये तर बंद बेरिंग येते. ती आवळता येत नाही, बदलावीच लागते.

ट्रॅक्टर शेतातल्या आखाड्यावर कडक, सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. एक्सलखाली जॅक लावून चाक उचला आणि लगेच लाकडी ठोकळा सारा. विटा नकोत, त्या फुटतात.

आता टायर वरून-खालून धरून हलवा. खटखट लागली म्हणजे बेरिंगच, असं नाही. दुसऱ्याला मागून बघायला सांगा: हब स्पिंडलवर (ज्या दांड्यावर चाक फिरतं) हलत असेल तर बेरिंग, स्पिंडलसकट सगळंच हलत असेल तर किंग पिन (ज्यावर स्पिंडल डावी-उजवीकडे वळतं), आणि मग नट आवळून काही उपयोग नाही. चाक फिरवताना खरखर आली तरीही आवळू नका. हब उघडून बेरिंग बघा.

हबची टोपी काढा, जुनं ग्रीस पुसा, पिन सरळ करून ओढा. मग चाक एका हाताने फिरवत नट आवळत जा, चाक जड फिरेपर्यंत. फिरवणं महत्त्वाचं, त्यानेच रोलर वाटीत नीट बसतात. त्यानंतर नट पूर्ण ढिला करा आणि पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत आवळा. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात वेगळं माप दिलं असेल तर तेच धरा.

खाच आणि छिद्र जुळत नसेल तर स्पिंडलचं दुसरं छिद्र असल्यास ते बघा. तरी नाही जुळलं तर नट मागे घ्या, पुढे कधीच नाही. आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.5 मिलिमीटर आणि नटाला सहा खाचा धरल्या, तर एक खाच म्हणजे पाव मिलिमीटर. नट पुढे घेतला तर बेरिंग गच्च व्हायला एवढंही पुष्कळ होतं.

इथेच हात चुकतो. ढिलं चाक निघून पडेल या भीतीने मीही पहिल्यांदा पाना लावून गच्च आवळलं होतं. सोयाबीन घेऊन मोंढ्यात पोचेस्तोवर हबला हात लावता येईना. उघडलं तर रोलर निळे पडलेले. नट सुटून चाक निघू नये हे काम पिनचं. ती नवीन, योग्य जाडीचीच घाला. खिळा किंवा तार घालून चालवणारे गावोगाव आहेत, त्यांचं ऐकू नका.

टोपीत थोडं ग्रीस भरून बसवा. कोंबून भरलं तर सीलमधून बाहेर येतं. चाक हाताने मोकळं फिरायला हवं आणि हलवल्यावर जेमतेम जाणवेल इतकाच खेळ राहायला हवा.

दोन-तीन किलोमीटर रिकामा ट्रॅक्टर चालवा आणि हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर तिथेच थांबा, थंड होऊ द्या आणि नट पुन्हा बघा.