डिझेल गाडीला बायोडिझेल पाजण्याआधी

बायोडिझेल, म्हणजे खाद्यतेलावर प्रक्रिया करून केलेलं इंधन, गाडीत घालायचं मनात आलं की आधी कागद-पेन घेऊन बसावं. समजा महिन्याचं रनिंग १,५०० किलोमीटर आहे आणि गाडी लिटरला २० देते. म्हणजे ७५ लिटर डिझेल. त्यातलं २० टक्के बायोडिझेल म्हणजे १५ लिटर. ते डिझेलपेक्षा लिटरमागे १० रुपयांनी स्वस्त मिळालं असं धरलं, तरी महिन्याला वाचले १५० रुपये. पण बायोडिझेलच्या लिटरमध्ये ऊर्जा डिझेलपेक्षा साधारण ८ ते ९ टक्के कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणावर ॲव्हरेज दीड टक्क्याच्या आसपास उतरतं आणि महिन्याला लिटरभर इंधन जास्त जातं. उरले पन्नास-साठ रुपये. वर्षाला एक-दोन डिझेल फिल्टर जादा लागले की तेही संपले.

म्हणजे पैसे वाचवायचे असतील तर मुळात कमी पिणारी गाडी घ्या आणि टायरची हवा बघत जा. बायोडिझेलचे फायदे वेगळे आहेत. धूर कमी होतो. पंप आणि नोझलला वंगण चांगलं मिळतं, कारण बीएस-सहा (२०२० पासूनचा प्रदूषण मानकाचा टप्पा) डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत दहा भागांवर, आणताना डिझेलचा मूळचा गुळगुळीतपणा कमी झाला आहे आणि तो ॲडिटिव्ह घालून भरून काढावा लागतो. शिवाय फरसाणवाल्याच्या कढईतलं जळकं तेल पुन्हा कुणाच्या पोटात जात नाही. एवढ्यासाठी करायचं असेल तर खुशाल करा.

गाडी कोणती चालेल

सगळ्यात सोशीक म्हणजे जुन्या पद्धतीचा, नोझलना यांत्रिक रीतीने इंधन वाटणारा रोटरी पंप असलेली गाडी. इंडिका व्ही-टूचं १,४०५ सीसी इंजिन त्यातलंच. इंधन थोडं उन्नीस-बीस असलं तरी ते चालवून घेतं. मात्र धूर आणि आवाज दोन्ही सोसावे लागतात, आणि अशा बहुतेक गाड्या आता पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. आरसीवरची तारीख बघा. नोंदणी नूतनीकरणाचा खर्च आणि हेलपाटे सौद्यातच धरा, मग पासिंग एमएच-११ असो, एमएच-१० असो की कराडचं एमएच-५०.

आमच्या मते आज घ्यायला योग्य म्हणजे बीएस-चारची १,२४८ सीसी कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच नळीतून मोठ्या दाबाने इंधन देणारी) गाडी: स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा. इंजिन एकच, मूळ फियाटचं, त्यामुळे पार्ट आणि मिस्त्री दोन्ही सहज मिळतात. २०१७ च्या डिझायरचा कागदावरचा आकडा लिटरला २८.४० किलोमीटर आहे. पुणे-सातारा-कराड हायवेवर ८०-८५ च्या वेगाने बाविसाच्या आसपास मिळालं तर गाडी ठीक आहे असं समजा. मारुतीने २०२० मध्ये बीएस-सहा आल्यावर डिझेल गाड्या बंद केल्या, तेव्हा मिळेल ती जुनीच.

बीएस-सहा गाडी असेल तर ७ टक्क्यांच्या वर जाऊ नका. या गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ करण्यासाठी बहुतेक गाड्यांत इंजिन उशिराने जादा इंधन सोडतं. डिझेल बऱ्यापैकी वाफ होऊन पुढे जातं. बायोडिझेल जास्त तापमानाला उकळतं, म्हणून ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. वॉरंटी जाईल ते वेगळंच. मालकाच्या पुस्तकात किती टक्के चालतं ते लिहिलेलं असतं, तोच आकडा शेवटचा.

सांगली-मिरजेकडची जुनी गाडी घेताना आणखी एक गोष्ट बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. खालच्या भागात गाळाची रेघ असेल तर सौदा तिथेच थांबवा. कार्पेट उचलून सीटच्या पट्ट्यांचा गंज बघा आणि डिझेल टाकीतलं तळाचं अर्धा लिटर काढून बरणीत ठेवा. पाणी आणि गंज खाली बसलेला दिसेल. अशा टाकीत बायोडिझेल घालणं म्हणजे फिल्टरवाल्याची दिवाळी.

माल ओळखणं

सगळी मेख इथे आहे. केंद्राच्या २०१९ च्या नियमांनुसार बायोडिझेल विकता येतं ते हायस्पीड डिझेलमध्ये, म्हणजे पंपावरच्या नेहमीच्या डिझेलमध्ये मिसळण्यासाठी. हायवेच्या कडेला ‘बायोडिझेल’ची पाटी लावून डिझेलऐवजी म्हणून टाकीत जे भरलं जातं, ते बऱ्याचदा बायोडिझेल नसतंच. औद्योगिक तेल आणि सॉल्व्हंटचं मिश्रण असतं. रंग सोनेरी असला तरी भुलू नका.

कारखान्याकडून किंवा नोंदणीकृत विक्रेत्याकडून, बिलासकट आणि बॅचच्या टेस्ट रिपोर्टसकट घ्या. रिपोर्टवर आयएस १५६०७ हे मानक असलं पाहिजे. त्यातले चार आकडे बघितले तरी पुरे: पाणी किलोला जास्तीत जास्त ५०० मिलिग्रॅम, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) किमान १०१ अंश, मिथेनॉल (बायोडिझेल बनवताना लागणारं अल्कोहोल) जास्तीत जास्त ०.२ टक्के, एकूण ग्लिसरॉल (म्हणजे ग्लिसरीन) जास्तीत जास्त ०.२५ टक्के. फ्लॅश पॉइंट कमी आला तर आत मिथेनॉल राहिलंय किंवा सॉल्व्हंट मिसळलंय.

रिपोर्ट असला तरी लिटरभर नमुना घरी आणून या चाचण्या करा.

काचेच्या स्वच्छ बरणीत ओतून पलीकडे वर्तमानपत्र धरा. बारीक अक्षरं स्पष्ट वाचता आली पाहिजेत. धुरकट दिसलं तर पाणी किंवा साबण आहे. तीच बरणी चोवीस तास न हलवता ठेवा. तळाशी दाट थर आला तर ते ग्लिसरीन. थंडीच्या दिवसांत आधी बरणी कोमट पाण्यात ठेवून बघा, कारण गारठ्यानेही धुरकटपणा येतो आणि तो ऊब मिळाली की जातो.

हायड्रोमीटरने घनता मोजा. ३० अंशाला खरं बायोडिझेल बहुतेक ०.८६५ ते ०.८७५ दाखवतं, पंपावरचं डिझेल ०.८२-०.८३ च्या आसपास. आकडा या दोन्हींच्या मधोमध आला तर भेसळीचा संशय घ्या.

प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत अर्धं बायोडिझेल, अर्धं पाणी घेऊन दहा सेकंद जोरात हलवा. चांगला माल अर्ध्या तासात वेगळा होतो, खालचं पाणी जवळपास नितळ राहतं. मध्ये ताकासारखा पांढरा थर तसाच राहिला तर साबण किंवा अर्धवट प्रक्रिया झालेलं तेल आहे. हा माल परत करा.

विक्रेत्याकडे २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर बायोडिझेल टाकून दाखवायला सांगा. पूर्ण विरघळलं तर ठीक. तळाशी तेलाचा थेंब बसला तर तेलाचं पूर्ण रूपांतर झालेलं नाही किंवा आत खनिज तेल आहे. ही चाचणी घरी करू नका, मिथेनॉल विषारी आहे आणि परवान्याशिवाय मिळतही नाही.

याच कारणासाठी घरी बायोडिझेल बनवण्याच्या फंदात पडू नये. पाककृती सोपी दिसते: एक लिटर तेल, सुमारे २०० मिलिलिटर मिथेनॉल, ताज्या तेलाला साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा, ५५ अंशावर ढवळणं. पण तळलेल्या तेलात मोकळी आम्लं किती आहेत ते मोजून सोड्याचं प्रमाण वाढवावं लागतं. तेलात पाणी असेल तर सगळ्याचा साबण होतो. मिथेनॉल ६५ अंशालाच उकळतं, त्याची ज्योत दिवसा नीट दिसत नाही आणि ते कातडीतून अंगात जातं. हॉटेल किंवा फरसाणाचं दुकान असेल तर वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याला द्या. ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणारी) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल तळणासाठी वापरता येत नाही, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहेच.

आणि कढईतलं तेल गाळून थेट टाकीत? मुळीच नाही. ते डिझेलच्या जवळपास दहापट घट्ट असतं. नोझलमधून त्याचा फवारा होत नाही, पिचकारी होते. मग नोझलच्या तोंडावर कोळसा धरतो, पिस्टनच्या रिंगा अडकतात आणि ऑइलचा चीक होतो. पहिले काही महिने गाडी छान पळते, म्हणून लोक फसतात.

गाडीची तयारी

नायट्राइल रबर बायोडिझेलने फुगतं आणि मऊ पडतं. जुन्या गाडीत सगळ्यात आधी जातात त्या नोझलवरच्या बारीक रिटर्न पाइप. त्या काढून आतला व्यास मोजा आणि त्याच मापाची वायटन (बायोडिझेलला टिकणारं रबर) पाइप घाला. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या रबरी जोडपाइपही बघा. बोटाने दाबून चिकट लागली किंवा वरून तेलकट घाम आलेला दिसला तर बदला. क्लिप जुन्याच वापरू नका.

त्यानंतर डिझेल फिल्टर नवा टाका आणि तसाच एक डिकीत ठेवा. हा दुसरा फिल्टर लागणारच आहे. बायोडिझेल चांगलं विद्रावक आहे. टाकीत आणि पाइपांत वर्षानुवर्षं साठलेला चिकटा ते सोडवून आणतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. दोष बायोडिझेलचा नसतो, पण गाडी रस्त्यात बंद पडते ती पडतेच.

मिसळणं

बेचाळीस लिटरची टाकी धरा. पहिल्या दोन टाक्यांना २ लिटर, म्हणजे जवळपास ५ टक्के. पुढच्या दोन टाक्यांना ४ लिटर. मग फिल्टर बदला. त्यानंतर ६ लिटर; टाकीत उरलेलं पावभर जुनं मिश्रण धरून प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. इथेच थांबा. २० टक्क्यांच्या पुढे गेलं तर रबर, थंडी आणि ऑइल तिन्हींचे प्रश्न एकदम वाढतात, पदरात मात्र काही पडत नाही.

टाकी पाव राहिली की आधी बायोडिझेल ओता, मग लगेच पंपावर जाऊन फुल करा. बायोडिझेल जड असल्याने तळाला बसतं. वरून जोराने पडणारं डिझेल ते ढवळून काढतं. एकदा नीट मिसळलं की पुन्हा वेगळं होत नाही. उलट क्रमाने, भरलेल्या टाकीत वरून हळू ओतलं तर सुरुवातीला पंपाला जवळपास निव्वळ बायोडिझेल जाऊ शकतं.

साठवायला २० लिटरचे एचडीपीई (जाड प्लास्टिकचे) कॅन वापरा, गळ्यापर्यंत भरून, सावलीत. जस्ताचा मुलामा दिलेले डबे आणि पितळी तोटी नको, या धातूंनी बायोडिझेल लवकर आंबतं. तीन महिन्यांत संपेल एवढंच आणा. उग्र, रंगाच्या दुकानासारखा वास यायला लागला तर ते गाडीत घालू नका.

काय बिघडतं आणि का

सपाटीला गाडी ठीक, पण खंबाटकी किंवा पसरणी चढताना पिकअप मरतो, ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग येत नाही: फिल्टर चोक झालाय. चढाला इंजिन जास्त इंधन मागतं, तेव्हाच हे कळतं. फिल्टर बदला, प्रायमर (इंधन भरून घ्यायचा छोटा हातपंप) दाबून हवा काढा. प्रायमर नसेल तर चावी ऑन करून टाकीतल्या पंपाला काही सेकंद द्या, दोन-तीनदा. कोरड्या फिल्टरवर सेल्फ मारत बसलात तर कॉमन रेलचा हायप्रेशर पंप कोरडा फिरतो, आणि तो पंप महाग असतो.

सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो, एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही: कुठेतरी हवा घेते. रात्रभरात इंधन मागे उतरतं. रिटर्न पाइप आणि फिल्टरचं सील बघा.

डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं: ऑइल वाढत नसतं, त्यात इंधन उतरतंय. ऑइल लगेच बदला आणि महिनाभर निव्वळ डिझेलवर चालवून पुन्हा बघा. तरीही वाढलं तर नोझल गळतोय. एरवीसुद्धा २० टक्के मिश्रणावर ऑइल १०,००० ऐवजी ७,५०० किलोमीटरला बदलणं बरं.

फिल्टरमध्ये काळपट शेवाळासारखा बुळबुळीत गाळ: हे जिवाणू आणि बुरशी. पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर ते वाढतात, पावसाळ्यात उभ्या गाडीत जास्त. टाकी उतरवून साफ करणं हाच खरा इलाज, नुसत्या औषधाने मेलेला गाळ पुन्हा फिल्टरमध्येच येतो. टाळायचं असेल तर जून ते सप्टेंबर उभ्या गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली ठेवू नका आणि फिल्टरच्या तळाचा स्क्रू महिन्यातून एकदा सैल करून पाणी काढा.

थंडीतलं गणित तेलावर अवलंबून आहे. सोयाबीनचं बायोडिझेल शून्याच्या आसपास गढुळतं, पामचं मात्र १३-१६ अंशालाच. वापरलेल्या तेलात पामोलिन भरपूर असतं. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास येतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी तर हिमकण दिसतात. मिश्रणात हा त्रास बराच कमी होतो, तरी घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर त्या टाकीत ५ टक्क्यांपुरतंच ठेवा.

गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर शेवटची टाकी निव्वळ डिझेलची भरा आणि तीस-चाळीस किलोमीटर फिरवून मग लावा, म्हणजे पंपात जुनं मिश्रण राहत नाही.

ओतताना बाहेर सांडलं तर लगेच साबणाच्या पाण्याने धुवा, ते गाडीचा रंग उचलतं. पुसलेल्या चिंध्या गोळा करून डिकीत किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवू नका. त्या आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात बुडवून, उघड्यावर एकेक पसरून वाळवा.