खोलीतून उठण्याआधी टक्के लिहून घ्या

माझं पहिलं गाणं प्रकाशित झालं, तेव्हा आधी श्रेयनामावली उघडली. मुखडा माझा, अंतऱ्यातल्या बऱ्याच ओळी माझ्या. गीतकार म्हणून नावं मात्र गायकाची आणि निर्मात्याची. फोन केला, तर निर्माता म्हणाला, "तू चार ओळी सुचवल्यास फक्त." दाखवायला माझ्याकडे कागद नव्हता. रात्रभर एकत्र बसलो होतो, पण वाट्याचा विषय काढायचा मला संकोच वाटला होता.

नव्याने लिहिणाऱ्यांना कळकळीने सांगते, हा संकोच फार महाग पडतो. गाणं झालं की त्याच बैठकीत स्प्लिट शीट भरा. एकच पान असतं: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं पूर्ण नाव, त्याच्या वाट्याचे टक्के आणि सह्या. बेरीज १०० यायला हवी. गाणं गाजल्यावर हे बोलणं दसपट अवघड होतं, कारण तोवर प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा आठवत असतो.

दुसरं मला फार उशिरा कळलं. रचना (म्हणजे शब्द आणि चाल) आणि ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळख पटवायला ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, रचनेला आयएसडब्ल्यूसी. आपला पैसा रचनेच्या नोंदीवरून येतो. त्यासाठी हक्कसंस्थेचं, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हा, आयपीआय हा रचनाकाराची ओळख पटवणारा क्रमांक मिळवा आणि नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा.

"नाव मागाहून घालू" यावर विसंबू नका. 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' हे गाणं १९६७चं. त्यातल्या ऑर्गनच्या सुरावटीसाठी ती वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशर यांना ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने सहरचनाकार मानलं ते २००९ मध्ये. वाटा ४० टक्के, पण तोही २००५ पासूनचाच. आधीच्या कमाईतलं काही मिळालं नाही.

एक शब्द बदलून वाटा मागणारे गायक भेटतील. २०२१ मध्ये पाश्चात्त्य पॉपमधल्या अनेक गीतकारांनी 'द पॅक्ट' या खुल्या पत्रात जाहीर केलं, की ज्याने रचनेत भर घातली नाही, त्याला योग्य मोबदल्याशिवाय लेखनाचा वाटा देणार नाही. नवख्याला एकट्याने असं म्हणणं जड जातं, हे मी जाणते. म्हणून आधी सहलेखकांशी बोला, आणि नकार सगळ्यांनी मिळून द्या.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग परवा जुन्या फोनमध्ये सापडलं. तारीख आहे, मुखडा जुळवणारा माझा आवाज आहे. ते जोडून काल निर्मात्याला लेखी दुरुस्ती मागितली.