नवा कीबोर्ड घेण्याआधी कोपऱ्यातली अक्षरं बघा: घरच्या संगणकावर टाइप करताना या चुका टाळा

शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा त्या नवाकोरा कीबोर्ड खोक्यातून काढून बसल्या होत्या. "अरे, हापण तसलाच निघाला बघ. ई-मेलच्या पत्त्यातलं @ काढायला गेलं की अवतरणचिन्ह उमटतंय." जुना कीबोर्ड खराब झालाय असं दुकानात सांगितलं, म्हणून त्यांनी पैसे मोजून दुसरा आणला होता. मी जाऊन पाहिलं तर दोन्ही कीबोर्ड धडधाकट होते. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, इंग्रजीची खूण ईएनजी आणि तिच्याखाली यूके अशी अक्षरं होती. तिथे आयएन हवं होतं.

हे इतक्या घरांत पाहिलंय की आता लिहायलाच हवं. बटण दाबल्यावर कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही. कोणत्या जागेवरचं बटण दाबलं, एवढाच सांकेतिक क्रमांक तो पाठवतो. त्या जागेसाठी पडद्यावर काय उमटवायचं, हे विंडोज ठरवतं आणि ते ठरतं तुम्ही निवडलेल्या मांडणीवरून, म्हणजे लेआउटवरून. बटणावर काय छापलंय याचा विंडोजला पत्ताही नसतो. म्हणूनच काकूंचा नवा कीबोर्डही जुन्यासारखाच वागला.

इंग्रजी निवडलं, पण कोणत्या देशाचं?

भाषा जोडताना यादीत इंग्रजीचे डझनावारी प्रकार दिसतात आणि घाईत युनायटेड किंगडमवर बोट पडतं. ओळखायची खूण सोपी आहे. शिफ्ट धरून २ दाबा. @ आलं तर मांडणी भारताची किंवा अमेरिकेची, " आलं तर ब्रिटनची. ब्रिटनच्या मांडणीत शिफ्ट आणि ३ ला # ऐवजी £ येतं, आणि @ जाऊन बसतं एंटरच्या डावीकडच्या अवतरणचिन्हाच्या बटणावर.

दुरुस्तीसाठी सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन उघडा. आधी इंग्लिश (इंडिया) जोडा आणि मगच ब्रिटनचं इंग्रजी त्याच्या समोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून काढा. कधी कधी असं होतं, की काढलेली मांडणी यादीत दिसत नाही, पण भाषा बदलताना मात्र समोर येत राहते. अशा वेळी ती पुन्हा जोडायची, लगेच काढायची आणि संगणक बंद करून सुरू करायचा. उपाय विचित्र वाटेल, पण बहुतेक वेळा चालतो.

इंग्लिश (इंडिया) घ्या म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. आपलं ₹ हे चिन्ह २०१० साली ठरलं आणि आता इथल्या पुष्कळ कीबोर्डांवर ४ च्या बटणावर ते छापलेलं असतं. अमेरिकी मांडणीत ते कितीही दाबलं तरी येत नाही. भारतीय मांडणीत उजवीकडचं आल्ट धरून ४ दाबलं की येतं. उजवीकडचंच, डावीकडच्याने काम होत नाही.

एक अपवाद सांगतो. लेकाने किंवा भाचीने लॅपटॉप इंग्लंडहून आणला असेल, तर त्यावर एंटर उभा असतो आणि डाव्या शिफ्टच्या शेजारी एक जास्तीचं बटण असतं. तिथे ब्रिटनची मांडणीच बरोबर. जर्मनीहून आणलेल्या यंत्रावर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते. बटणांकडे बघून टाइप करत असाल तर छापलेल्या अक्षरांशी जुळणारी मांडणी ठेवा. न बघता टाइप करत असाल तर बोटांच्या सवयीची ठेवा.

"भाषा आपोआप बदलते"

आपोआप नाही बदलत. डावं आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले की विंडोज पुढच्या भाषेवर जातं. कंट्रोल आणि शिफ्ट दाबले गेले की त्याच भाषेतली दुसरी मांडणी येते. मजकूर निवडताना, कॉपी करताना बोटं याच बटणांभोवती फिरत असतात, त्यामुळे हे नकळत होतं. माझा सल्ला असा, की टायपिंगच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये जाऊन हे दोन्ही शॉर्टकट काढून टाका आणि भाषा बदलायला फक्त विंडोजचं बटण आणि स्पेसबार वापरा. तो जोड चुकून दाबला जात नाही.

त्याच पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू असेल तर वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी अशी फोड होते. काहींना ते सोयीचं वाटतं, पण ज्येष्ठांच्या संगणकावर तो बंदच ठेवा.

मराठी जोडलं आणि 'ए' दाबल्यावर भलतंच आलं

सगळ्यात जास्त लोक इथे हात टेकतात. मराठी भाषा जोडली, उत्साहाने इंग्रजी ए दाबला, तर ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला एक ओकार उमटला. मग वाटतं, फाँट बिघडला. फाँट ठीक असतो. विंडोजच्या मराठी कीबोर्डची मांडणी इन्स्क्रिप्ट आहे आणि इन्स्क्रिप्टचा इंग्रजी उच्चारांशी संबंध नाही. डाव्या हाताला स्वर आणि त्यांच्या काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला व्यंजनं, अशी तिची रचना आहे. 'मराठी' हा शब्द लिहायला सी, जे, ई, शिफ्ट धरून अवतरणचिन्हाचं बटण, आणि आर. पाच अक्षरखुणा, पाच ठोके. महाप्राण व्यंजन बहुतेक वेळा त्याच बटणावर शिफ्टने मिळतं: के वर क, शिफ्टने ख, एल वर त, शिफ्टने थ.

ज्यांना उच्चाराप्रमाणे लिहायचंय, त्यांनी मराठीच्या भाषा-पर्यायांत जाऊन मराठी फोनेटिक हा कीबोर्ड जोडावा. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अद्ययावतीकरणापासून तो सोबत येतो. मात्र एकच ठेवा. इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही यादीत राहिले की आपण नेमके कशावर आहोत हेच कळेनासं होतं. टायपिंगची परीक्षा टाइपरायटरवर दिलेल्यांची अडचण वेगळीच. त्यांच्या बोटांत रेमिंग्टन मांडणी बसलेली आहे आणि ती विंडोजसोबत येत नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागतं. ते बसवायच्या आधी मराठीच्या कीबोर्डांना दोष देत बसू नका.

मला विचाराल तर रोज मराठी लिहिणाऱ्याने इन्स्क्रिप्ट शिकावं. सुरुवातीचे काही दिवस जड जातात, हे खरं. पण फोनेटिकमध्ये तुम्ही लिहिता इंग्रजी अक्षरं आणि संगणक अंदाज बांधतो. इन्स्क्रिप्टमध्ये अंदाजाचा प्रश्नच नाही, तुम्ही दाबता तेच उमटतं.

'दर्या' आणि 'दऱ्या'

समुद्र तो दर्या आणि डोंगरातल्या त्या दऱ्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना पंगतीचं सांगायचं. हा फरक मराठीत अर्थाचा फरक आहे आणि तो कीबोर्डवर करता न आल्यामुळे किती पत्रिकांत, किती अर्जांत 'दुसर्या' छापून जातं! साध्या र ला हलन्त देऊन य जोडला की रफार मिळतो, 'सूर्य' मधला. आपल्याला हवा असतो तो आडवा, पापणीसारखा र. इन्स्क्रिप्टमध्ये त्यासाठी शिफ्ट धरून जे दाबा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ येतो, मग डी म्हणजे हलन्त, मग तिरक्या रेषेचं बटण म्हणजे य. झालं ऱ्य. 'तऱ्हा' साठी शेवटी य ऐवजी ह, म्हणजे यू.

जुन्या मजकुरात हाच आकार दुसऱ्या वाटेने आणलेला सापडतो: साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटू शकतात. तुमच्याच फाइलमध्ये 'दुसऱ्या' शोधलं आणि निम्मेच सापडले, तर कारण बहुधा हेच. इथून पुढे तरी शिफ्ट-जेची वाट धरा.

पासवर्ड बरोबर, तरी चूक

पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, म्हणून मांडणी बदललेली कळत नाही. तीन-चारदा चुकवण्याआधी चौकटीतलं डोळ्याचं चित्र दाबून काय उमटतंय ते बघा. संगणक सुरू होतानाच्या पडद्यावरची भाषा आतल्या भाषेपेक्षा वेगळी असू शकते. भाषेच्या पानावरून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्जमध्ये जा. तिथल्या कॉपी सेटिंग्जमधून आपली मांडणी त्या पडद्यालाही लावता येते. पिन टाइप होत नसेल तर आधी नम लॉक, म्हणजे आकड्यांची बटणं चालू-बंद करणारं बटण, तपासा. काही छोट्या लॅपटॉपवर उलटं होतं: नम लॉक चालू राहिलं की जे, के, एल दाबल्यावर १, २, ३ उमटतात.

बटणं खूप वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर येत नसेल तर मांडणीला हात लावू नका. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबलं गेलं की फिल्टर कीज नावाची सोय चालू होते. ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ती बंद करा. आणि कुणी पाठवलेली फाइल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, तर तो मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये लिहिलेला आहे. तिथे तो फाँट तरी बसवावा लागेल किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागेल.

मग कीबोर्ड खरंच कधी बिघडलेला असतो?

विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्डचं चित्र येईल आणि सध्या लागू असलेल्या मांडणीची अक्षरं त्यावर दिसतील. आता खरा कीबोर्ड दाबत जा. दाबलेलं बटण चित्रात उजळतं. सगळी उजळली तर दोष मांडणीचा. एखादं उजळलंच नाही तर ते बटण गेलंय, आणि तेव्हा खुशाल दुकानात जा. काकूंकडे सगळीच बटणं उजळली. नवा कीबोर्ड त्यांनी दुसऱ्या दिवशी परत केला, आणि जुन्याच्या वरच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवलीय: शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ.