उन्हाळ्याचा हवामान अंदाज वाचताना या चुका टाळा, नाशिककरांनी तर नक्कीच

फेब्रुवारी संपत आला की आमच्या कांदा-द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर दरवर्षी तोच नकाशा येतो, भारतीय हवामान विभागाचा मार्च ते मे चा उन्हाळी अंदाज, आणि पुढच्या अर्ध्या तासात कोणीतरी लिहितोच की यंदा पारा 45 ला जाणार. नकाशात 45 कुठेच लिहिलेलं नसतं. मी ग्रुपवर रोजचा अंदाज टाकतो, लोक फोन करून विचारतात, आणि त्याच त्याच चुका बघून आता खरंच थकलोय म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तीन महिन्यांचा अंदाज आजच्या दिवसाला लावणं. त्या नकाशातले रंग शक्यतेचे असतात. तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता म्हणजे तीन महिन्यांचा हिशोब केला तर जास्त, तोही मोठ्या भागाचा. 12 एप्रिलला चांदवडला काय होईल याचा त्यात एक शब्द नसतो.

आमचे तात्या, म्हणजे चुलतकाका, यांचा उन्हाळ कांदा चांदवड तालुक्यात. एका वर्षी उन्हाळ्यात पाऊस सरासरीपेक्षा कमी असा अंदाज होता आणि तो त्यांच्या डोक्यात पक्का बसला. एप्रिलमध्ये कांदा काढून पातीसकट वावरात सुकायला ठेवलेला, दोन एकरांचा. त्या दिवशी जिल्ह्याला यलो अलर्ट होता, मेघगर्जना, 40 ते 50 किलोमीटर वेगाने वारा, तुरळक ठिकाणी गारपीट. मी सकाळीच फोन केला की तात्या, ताडपत्री टाकून घ्या. ते म्हणाले, "अरे बाबा, यंदा पाऊस कमीच सांगितलाय, त्या नकाशात बघ ना." साडेचारला चांदवडच्या डोंगरामागून ढग उठला आणि वीस मिनिटं गारा पडल्या. भिजलेला, मार लागलेला कांदा चाळीत टाकला तर शेजारचाही सडवतो, म्हणून तात्यांनी तो तसाच पिंपळगावच्या बाजारात नेला आणि मिळेल त्या भावात दिला. आणि सीझन संपल्यावर बघितलं तर उन्हाळ्याचा पाऊस सरासरीपेक्षा कमीच भरला होता! वीस मिनिटांच्या गारांनी तीन महिन्यांची सरासरी हलत नाही, पण दोन एकर कांदा जातो. मला अजूनही वाटतं मी त्या दिवशी फोन न करता गाडी काढून थेट वावरात जायला हवं होतं.

माझी सवय सांगतो. तीन महिन्यांचा अंदाज मी एकदाच वाचतो, पाण्याचं आणि मजुरांचं नियोजन करायला. कांदा काढायच्या आदल्या रात्री जिल्ह्याचा पुढच्या पाच दिवसांचा इशारा बघतो आणि दुपारी दोननंतर तीन तासांचा तात्काळ इशारा उघडूनच ठेवतो, विजांसाठी दामिनी ॲप. ताडपत्री मात्र काढणीच्या आधीच बांधावर हवी, ढग दिसल्यावर ती आणायला निघणारा माणूस मी कधी वेळेत पोचलेला बघितला नाही.

"तुरळक ठिकाणी" हा शब्द. ग्रुपवर लगेच येतं, आमच्याकडे थेंब नाही, अंदाज फेल. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर. म्हणजे निफाडला कोरडं आणि दिंडोरीला धो धो, तरी अंदाज बरोबर. आणि तो कुणाच्या वावरात पडेल हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही, सांगणारा यूट्यूबवर असला तरी.

यलो म्हणजे काही नाही असं समजू नका. यलो म्हणजे लक्ष ठेवा.

गाडीच्या डॅशबोर्डवर 44 दिसलं म्हणून हीटवेव्ह होत नाही. तापमान मोजतात ते सावलीत, हवा खेळती असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर. हीटवेव्ह म्हणायला सपाट भागात दिवसाचं कमाल तापमान निदान 40 हवं आणि सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी तरी जास्त हवं, नाहीतर थेट 45. किनारपट्टीला हीच मर्यादा 37 ची आहे, कारण तिकडे दमटपणा असतो. मालेगावचा आकडा बघून नाशिक शहरात घाबरू नका आणि इगतपुरीची हवा बघून मालेगावला म्हाताऱ्या माणसाला भर दुपारी बाहेर काढू नका.

आता विमानाचं. हल्ली सगळ्यांना विमानतळाचा मेटार, म्हणजे आत्ताच्या हवामानाची नोंद, आणि टीएएफ, म्हणजे पुढच्या तासांचा अंदाज, मोबाईलवर मिळतात, पण त्यातली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते आणि आपली घड्याळं साडेपाच तास पुढे. माझ्या भाचीला मे अखेर मुंबईहून दिल्ली आणि तिथून पुढे जायचं होतं, विमान कंपनीने आदल्या दिवशी सकाळी अकराची किंवा दुपारी चारची असा पर्याय दिला. जावईबापूंनी टीएएफ उघडला, त्यात टेम्पो 2810/2812 आणि पुढे टीएसआरए, म्हणजे 28 तारखेला 10 ते 12 मध्ये अधूनमधून गडगडाटी पाऊस. ते म्हणाले सकाळचं वादळ टळू दे, चारची घेऊ. ते 10 ते 12 म्हणजे आपले दुपारी साडेतीन ते साडेपाच! विमान सव्वादोन तास उभं राहिलं आणि पुढचं विमान गेलं, लेकरू कडेवर घेऊन पोरीने रात्र दिल्लीच्या खुर्चीवर काढली. पाच मिनिटं आधी विचारलं असतं तर. वाऱ्याचा आकडाही नॉटमध्ये असतो, 25 नॉट म्हणजे 46 किलोमीटर.

आणि आकाश निरभ्र म्हणजे विमानाला काही त्रास नाही हेही चूक. नाशिकचं ओझर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, तिथे 40 अंश झाले की धावपट्टीवरची हवा साधारण साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ वागते, कळसूबाईचा माथा जवळपास तेवढाच उंच आहे. धाव लांबते, कधी वजन कमी करावं लागतं.

मे महिन्यात कोकणात जाणाऱ्यांनो, नाशिकचं आकाश बघून समुद्राचा अंदाज बांधू नका. दिवेआगरला वारा नाही, ढग नाही, तरी उंच लाटा येऊ शकतात, कारण त्या हजारो किलोमीटर लांब दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांपासून निघालेल्या असतात. त्याचा इशारा हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था, देतं, तो वेगळा बघावा लागतो. त्यात लाट दोन मीटर लिहिली असेल तर तो सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांचा सरासरी आकडा असतो, एखादी लाट जवळपास दुप्पट येते आणि पोरं गुडघाभर पाण्यात उभी असताना नेमकी तीच येते. मी अंदाज वाचूनही किनाऱ्यावर गेलो की आधी कोळी दादांना विचारतो, आज होड्या गेल्यात का. नसतील गेल्या तर आम्ही वाळूवरच बसतो.