क्रेडिट कार्डाचं बिल जास्त भरलं गेलंय? आता या चुका टाळा

आधी एक सांगतो, पैसे बुडालेले नाहीयेत. बिल होतं १८,४५०, तुम्ही मोबाईलवरून भरलं आणि दुसऱ्या दिवशी ऑटोपेनेही (खात्यातून बिल आपोआप भरायची सोय) तेवढेच कापले, तर जादाचे १८,४५० तुमच्या कार्डावर जमा दिसतात. अ‍ॅपमध्ये रकमेच्या आधी मायनस असतो नाहीतर पुढे 'सीआर' (क्रेडिट, म्हणजे जमा) लिहिलेलं असतं.

आणि पहिली चूक इथेच होते. पुढच्या महिन्यात स्टेटमेंट येतं, तोवर ६,००० खर्च झालेला असतो, आकडा दिसतो १२,४५० सीआर, आणि घाईत माणूस ते सीआर न बघताच परत १२,४५० भरून मोकळा होतो! सीआर असेल तर देणं शून्य, मिनिमम ड्यू, म्हणजे किमान भरायची रक्कम, तीसुद्धा शून्य. काहीच भरायचं नाही, खर्च त्यातूनच वळता होत राहतो.

डबल पेमेंट बहुतेक वेळा शेवटच्या दोन-तीन दिवसांत होतं, कारण ऑटोपेची सूचना बँकेकडून आधीच गेलेली असते, मग तुम्ही हाताने भरलं तरी ती थांबतेच असं नाही. ऑटोपे लावलंय ना, मग ड्यू डेटच्या तोंडावर हात लावू नका. पण चिडून ऑटोपे बंद करणं ही त्याहून महागडी चूक. पुढच्या महिन्यात तारीख विसरली की लेट फी आणि वर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज.

काही जण मुद्दाम जास्त भरतात. लिमिट ५० हजार, फ्रीज ७० चा, म्हणून २० हजार आधीच टाकून ठेवायचे. कधी चालतं, कधी बँक पेमेंटच परत पाठवते किंवा व्यवहार संशयास्पद म्हणून अडवते, त्यापेक्षा लिमिट वाढवून मागा की सरळ. सिबिल स्कोरही याने वाढत नाही, आणि त्या पैशावर व्याज तर एक रुपयाही मिळत नाही, बचत खात्यात निदान काहीतरी मिळतं.

अजून एक गैरसमज म्हणजे जादा भरले की ईएमआय आपोआप फिटेल. तसं नसतं, दर महिन्याचा हप्ता बिलात आला की तेवढाच त्यातून जातो, पूर्ण फेडायचा असेल तर बँकेला वेगळं कळवावं लागतं. आणि आपलेच पैसे आहेत म्हणून त्या कार्डाने एटीएममधून काढायला जाऊ नका, कॅश काढायची फी साधारण अडीच टक्के, ती जमा रक्कम असली तरी लागू शकते.

रक्कम मोठी असेल तर कस्टमर केअरला किंवा अ‍ॅपमधून रिक्वेस्ट टाका, पैसे बचत खात्यात परत येतात. नंबर कार्डाच्या मागचाच घ्या, गुगलवर शोधलेला नको, तिथे 'रिफंड करून देतो' म्हणणारे भामटे टपलेलेच असतात. रिफंडसाठी पिन किंवा सीव्हीव्ही कुणालाच सांगावा लागत नाही.

कार्ड बंद करणार असाल तर जमा रक्कम खात्यात परत करणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेला बंधनकारक आहे. बाकी काही थकलेलं नसेल तर अर्ज दिल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. अर्ज मेलवर करा, म्हणजे तारीख हातात राहते.